पाठीवरचं ऊन

माय, माझी पाठ भाजली आहे. मानेपासून ब्लाऊजच्या काठापर्यंत, आणि खाली कमरेवर ब्लाऊज संपून साडी सुरू होते तिथे एक लालभडक पट्टा. भिंतीला टेकता येत नाही, म्हणून खाटेवर पालथी पडून लिहिते आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्यापेक्षा मीच म्हातारी दिसत असेन. तरी अंग दुखलं की तूच आठवतेस. काय करू, थकले मी.

उन्हाळी धान कापणीला आला आहे. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी यंदा शेवटपर्यंत मिळालं, पीक चांगलं आहे, पण मजूर मिळत नाहीत. मुलगा गोंदियाला राइस मिलमध्ये, तो रविवारीच येतो. म्हणून धानाच्या बांधीत मी आणि सून, दोघीच. कापायला वाकलं की तोंड सावलीत आणि पाठ उन्हात, हे तुला मी काय सांगायचं! म्हणून तर आपल्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवतात. मीही जन्मभर तेच केलं. तुझे जावई हिवाळ्यात गेले. त्यांचे कपडे वाटून टाकले, एक शर्ट तेवढा खुंटीवर राहिला. परवा सकाळी सून नेमका तोच घालून निघाली. तिच्या मनात काही नव्हतं, तिचा नेहमीचा वाळला नव्हता एवढंच. पण मी भडकले. "काढ तो! काऊन हात लावला त्याले?" तिनं तो काढला, शेजारणीकडून दुसरा मागून आणला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, आणि मी तरी कुठे बोलते? मी तो शर्ट पेटीत ठेवला आणि तशीच कापायला गेले. घातला असता तर घामाला धुवावा लागला असता, आणि धुतला की त्यांचा वास गेला असता. भर दुपारपर्यंत वाकून होते. वेडेपणा, दुसरं काय!

बाबा गेले तेव्हा तू मात्र असलं काही केलं नाहीस. सगळे विधी आटोपले आणि दुसऱ्या सकाळी तू बाबांचा शर्ट घालून अंगणात उभी. मी दहावीत. मला असा राग आला! "लाज नाही वाटत का तुला?" म्हणाले. तू बटणं लावतच होतीस. "मानूस गेला, ऊन त नाही गेला न! तू बस रडत. मले कापाले जा लागते." मग मीही हट्टाने, वरून शर्ट न चढवता तुझ्यामागे कापायला आले आणि पाठ भाजून घेतली. शेजारच्या काकू खोबरेल घेऊन आल्या, तर तू वाटी परत त्यांच्या हातात दिलीस. "तेल तव्याले लावतेत, भाजल्या पाठीले नाही." अजून दिसतं मला. मी अशीच पालथी पडली आहे, तू बाबांच्या धोतराचा तुकडा माठाच्या पाण्यात बुडवून पाठीवर ठेवते आहेस, गरम झाला की उचलतेस, पुन्हा बुडवतेस. फोडांना हात लावू देत नाहीस. "फोडशील त पिकन." मध्येच उठवून पेज पाजतेस, आणि तोंडाचा पट्टा चालूच. तुझ्याएवढी खमकी मी कधी झाले नाही.

कालपासून मी स्वतःच ओला कपडा ठेवते आहे, पण पाठीच्या मधोमध हात पोचत नाही, आणि आग तिथेच आहे. सून पलीकडे चुलीपाशी भाजी चिरत होती. बोलवायचं म्हणजे आपण नमतं घ्यायचं. या वयात तेवढ्यावर अडून बसले होते बघ.

इथवर लिहिलं आणि शेवटी हाक मारली. "पोरी, जरा पाठीवर कपडा ठेवून दे." ती आली, पदर बाजूला केला आणि "अगं माय!" म्हणत खालीच बसली. "आई, काऊन सांगितलं नाही? एकट्याच सहन करून राहिल्या?" मग रागावलीच माझ्यावर. उद्या मी घरीच राहायचं, ती पहाटेच जाणार आणि ऊन चढायच्या आत परत येणार, असं तिनं ठरवूनही टाकलं. कपडा बुडवून ठेवत होती तशी विळ्यानं राठ झालेली तिची बोटं फोडांना लागत होती. "आई, दुखत त नाही न?" सारखी विचारत होती. आता हे पत्र कुठे पाठवणार, चुलीतच जाईल. पण तुला तेवढं सांगते. दुखत होतं, माय, खूप दुखत होतं. ती उठून जाईल म्हणून मी "नाही" म्हटलं.