दाराशी काढलेल्या चपला

नेवाडाचं वाळवंट, ऑगस्ट २००६, गुरुवार संध्याकाळ

इथे भेटलेल्या मार्थाबाईंच्या तळपायांना भेगा पडल्यात. त्यांना डायबेटिस आहे, जखम चिघळली तर? इथली खारी धूळ कातडी जाळते. अनवाणी फिरू नका, हे सांगायलाच मला जत्रेतल्या या लाकडी देवळाच्या दारात स्वयंसेवक म्हणून उभं केलंय. देव नाही इथे, लोक भिंतींवर आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहितात. आणि सकाळी आत शिरताना सवयीने चपला काढल्या मीच! लोकांना वाटलं, इथला नियमच आहे. दुपारपर्यंत दाराशी बुटांचा ढीग.

"बेलव्ह्यूच्या मराठी मंडळात देवळांविरुद्ध तासभर बोलतेस यार, आणि इथे पहिली चप्पल तुझी?" माझ्यासोबत आलेला मित्र शिरीष हसत होता. मला हसू येईना. ढीग दिसला तेव्हाच का नाही ओरडले? आवडला होता का मला तो?

मार्थाबाईंचे पाय धुताना सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "गेलेल्या नवऱ्याचं नाव भिंतीवर लिहिताना अनवाणीच बरं वाटलं. उद्याही काढणार."

म्हणजे उद्या त्यांना अडवायचं. एवढी भाषणं केली, आता एकच वाक्य: बूट घाला. पण कुठल्या तोंडाने? आत्ता खाली पाहिलं, तर माझेही पाय अनवाणीच. चपला अजून त्या दाराशीच आहेत.