विहीणबाईंच्या ओसरीवरचे तिवारीजी

वर्धा, सोमवार
(खुर्चीवर बसवत नाही म्हणून अंथरुणात पालथं पडून)

आदरणीय प्रभाकरराव यांस,

साष्टांग नमस्कार. यातली आठही अंगं सध्या ठणकत आहेत, म्हणून तो तूर्त कागदावरूनच पोचता करतो. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर? सिंदीला कापसाची आवक बरी आहे ना? इकडे तुमची बहीण उज्वला ठीक, भाची आकांक्षा ठीक, आणि मी कसा आहे ते सांगायलाच कागद घेतला आहे. फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि तुमच्या गोदामात कायम अर्धी सिंदी बसलेली.

आकांक्षाच्या साक्षगंधाआधी आपण दोघांनी मिळून होणाऱ्या व्याह्यांना, अण्णाजींना, काय सांगितलं होतं, आठवतं ना? पोरगी साधी, सेवाग्रामच्या दवाखान्यातली ड्यूटी आणि घर, तिसरी गोष्ट तिला ठाऊक नाही. तिसरी गोष्ट म्हणजे ती लाल सायकल. माझा ऑफिसातला जुना दोस्त प्रेमदास आणि त्याचा पुतण्या आदेश, यांच्यासोबत ही पोरगी दर रविवारी डोंगर चढायला जायची. हे कारंज्याकडच्या शेतकरी घराला कळलं तर फाल्गुनातलं लग्न मोडेल, या धाकानं मी सायकलला कुलूप घातलं. म्हटलं, लग्न होऊ दे, मग तू जाण अन् तुझं सासर जाणे. आकांक्षा काहीच बोलली नाही. (बोलत नाही तेव्हा ती अगदी तिच्या आईवर जाते. त्याचा अर्थ तुम्हाला मी काय सांगू!)

तर परवा प्रेमदास दारात उभा. म्हणे, "उभी राहून राहून गिअर जाम होते गड्या. पोरीले नाई बसू देत तर तूच बस." आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हटलं, शाळेत होतो तेव्हा डबलसीट शेलूपर्यंत जायचो, मला काय सांगता! झालं. याला बाइकपॅकिंग म्हणतात म्हणे. म्हणजे घरदार सोडून जायचं आणि त्यातलं अर्धं सायकलला बांधून सोबत न्यायचं. वर आदेशनं एक घट्ट चड्डी आणून दिली, बुडाला गादी शिवलेली. ती घालून मी अंगणात आलो तेव्हा उज्वला भाजी निवडत होती. तिनं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा भाजीकडे पाहिलं. मी अट एकच घातली होती, काहीही होवो, व्याह्यांच्या गावावरून जायचं नाही.

आर्वीला मुक्काम करून काल सकाळी तळेगावचा घाट धरला. गाडीत बसून पाहिला तर हा घाट इवलासा. सायकलवर, बाप्पा! प्रत्येक वळणानंतर वाटायचं संपला, आणि पुढं दुसरा तयारच. ट्रकवाले हॉर्न वाजवून दाद देत होते की शिव्या, ते कळायला मार्ग नव्हता. हँडलला आकांक्षानं जुन्या हिरव्या ओढणीची पट्टी बांधली आहे, ती वाऱ्यानं सारखी माझ्या हातावर फडफडायची, जणू पोरगी मागून टोचून राह्यली. पण खोटं काऊन बोलू, वर पोचलो, खाली पिवळीधमक फुललेली तूर दिसली, घामावर गार वारा लागला आणि एकदम मनापासून बरं वाटलं. ही पोरगी दर रविवारी अशी खूश होऊन का यायची, ते तिथं कळलं. (तरीपण सांगून ठेवतो, पुन्हा या फंदात पडणार नाही. कानाला खडा!)

पुढं प्रेमदासनं मोबाइलमध्ये पाहून बागांमधला एक आडरस्ता काढला. अर्ध्या वाटेत माझ्या पोटरीला गोळा आला, तो असा की मी संत्र्याच्या झाडाला मिठी मारून उभा. बागेच्या टोकाला घर दिसत होतं. दोघांनी मला खांदा देऊन तिथल्या ओसरीवर नेऊन बसवलं, आणि आतून पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आल्या त्या पंचफुलाबाई. आपल्या विहीणबाई! साक्षगंधाला आपण गाडीनं समोरून गेलतो, मागून हे घर मी कसं ओळखणार?

मी त्या चड्डीत. धरणीमाय पोटात घेईना. डोक्यावर हेल्मेट होतं, गॉगल होता, नाकापर्यंत रुमाल होता, तेवढाच आधार. प्रेमदासनं एका क्षणात सगळं ओळखलं आणि दोस्तीला जागण्याऐवजी म्हणतो कसा, "हे तिवारीजी, नागपूरचे. यायले मराठी येत नाई." आता तिवारी व्हायचं की व्याही, एवढंच माझ्या हातात होतं. मी तिवारी झालो.

अण्णाजी बाजाराला गेले होते, ही देवाचीच कृपा. विहीणबाईंनी काही विचारलं नाही, सरळ पाट मांडले. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. खायला रुमाल खाली करावा लागला, पण हेल्मेट-गॉगल काढला नाही. भूक अशी की मी तीन भाकरी रिचवल्या आणि दर भाकरीला "बहुत बढ़िया, माताजी" म्हणत गेलो. आदेश मोठ्यानं खोकत होता.

मग विहीणबाई भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे पाहत प्रेमदासला सांगू लागल्या. "मांगच्या हिवाळ्यात एक पोरगी आलती अशीच, घाट चढून. तोंड लालबुंद, पन हासून राह्यली होती. पानी पेली, गडवा घासला अन् पालथा घालून गेली. म्या तवाच म्हटलं, हे पोरगी आपल्या घरात आली पायजे. मंग ठावठिकाणा काढला अन् तिच्या मामापावतर निरोप धाडला. आता ठरलं हाये जी, माह्या हर्षितसंगं. पन इवायानं तिच्या सायकलले कुलूप लावलं म्हंते. पोरगं फोनवर आयकते, मले सांगते. इवाई लय सज्जन मानूस, पन त्यायले कोन सांगाव? आपन पोराकडचे. बोललो त वाटन टोमना मारला."

प्रभाकरराव, माझा घास तोंडातच राहिला. जी गोष्ट झाकायला आपण एवढा आटापिटा केला, तिच्याचमुळे सोयरीक जुळली होती. (आणि दिवाळीपासून तुम्ही सगळीकडे सांगता की ती तुम्ही जुळवली!) लाज वाटली, आणि आनंद इतका झाला की गॉगल होता म्हणून बरं. निघताना विहीणबाईंनी माझ्या सीटमागच्या झोळीत काहीतरी कोंबलं. संत्री असतील म्हणून मी पाहिलंही नाही.

आता विनंती एवढीच, की तिवारी मी होतो हे तुमच्या तोंडून चुकूनही अण्णाजींकडे जाऊ देऊ नका. मुलीच्या बापाची काही इभ्रत असते. पत्र वाचून फाडून टाकावं.

तुमचे जवाई,
मनोहर

ता. क. पत्र फाडलं नाही तरी चालेल. उज्वलानं धुवायला म्हणून आत्ता ती झोळी उपसली. संत्री निघालीच, पण त्यांच्याखाली नारळ, कोरा दुपट्टा आणि पांढरी टोपी. व्याही दारात आला तर त्याला जसा मान देऊन पाठवायचा, तसाच. म्हणजे त्यांनी पहिल्या घोटालाच ओळखलं होतं. तो हिरवा ओढणीचा तुकडा, दुसरं काय! मागच्या हिवाळ्यातही तो हँडलला होताच. ते सगळं सांगणं प्रेमदासला नव्हतंच. उज्वला तेव्हापासून हसून राह्यली आहे, मला "तिवारीजी" म्हणूनच चहा दिला.

ता. क. २. कुलूप काढलं. किल्ली हातात दिली तशी आकांक्षा ड्यूटीवर सायकलनंच गेली, आणि कोपऱ्यापर्यंत घंटी वाजवत गेली.

ता. क. ३. खरं काम राहिलंच. तुमच्या गोदामात सरकीच्या पोत्यांमागे एक जुनी सायकल टांगलेली आहे. गुडघ्यामुळे तुम्हाला ती आता काय कामाची? येत्या खेपेच्या गाडीत टाकून द्या, हवा मी भरतो. विहीणबाईंना दुपट्ट्याबद्दल लुगडं द्यायला घाटावर जायचं आहे, आणि या वेळी मराठीत बोलायचं आहे.