सव्वा लाखाचे तीन वाटे

जळकोट,
रविवार

प्रिय हुमेरा बेटा,

अल्ताफ उद्या पुण्याला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. फोनवर बोलताना तुझी अम्मी शेजारीच असते, म्हणून लिहितो. पित्ताच्या खड्यांसाठी तिचं गुरुवारी सोलापूरला ऑपरेशन आहे, हे तुला ठाऊक आहेच. त्यासाठी गल्लीतल्या बायका घरी आयत-ए-करीमा, ती संकटातली दुआ, पढायला बसल्या आहेत, सव्वा लाख वेळा. एवढ्याशा ऑपरेशनला सव्वा लाख कशाला, असं तू विचारशील.

मोजायला चिंचोके शेजारच्या महादेवीनं दिले, धुऊन, वाळवून. पूर्वी पोतंभर लागायचे. आठवीत असताना तूच सांगितलंस, सव्वा लाख म्हणजे पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास. पन्नास-पन्नासाचे पन्नास ढीग करा आणि तेच पन्नास वेळा फिरवा. पढणाऱ्यांत सगळ्यांत थोरल्या बानूबाईनं कानशिलावर बोटं मोडून तुझी दृष्ट काढली होती. आजही गावात तुझीच रीत चालते. या आकड्याच्या पोटात नुसते दोन आणि पाच आहेत, तीन नाही, हेही तूच दाखवलंस. आपण तिघांनी वाटून घेतला तर प्रत्येकी एक्केचाळीस हजार सहाशे सहासष्ट, आणि दोन उरतात. ते दोन कुणी पढायचे, यावर तुम्ही मायलेकी संध्याकाळभर भांडला होता.

एक फेरी संपली की वाटीत खारकेची एक बी टाकायची. काल अम्मीला स्वस्थ बसवेना. आवरता आवरता तिनं वाटी घासून पालथी घातली, बिया उकिरड्यावर गेल्या. फेऱ्या एकोणपन्नास झाल्या की पन्नास, यावर बायकांची जुंपली. अम्मी म्हणाली, "म्या वाटी घासली, तुमचं डोस्कं न्हाय घासलं." तिच्यासकट सगळ्या हसल्या. कमी पडायला नको, आणखी एक फेरी करा, असा बानूबाईनं निकाल दिला.

मी कागदावर मांडून पाहिलं. एकोणपन्नास झाल्या असतील, तर सव्वा लाख पुरे होतील. पन्नास झाल्या असतील, तर होतील एक लाख सत्तावीस हजार पाचशे. बेटा, त्याला तीननं भाग जातो. प्रत्येकी साडेबेचाळीस हजार, बाकी काही नाही. खरं काय ते अल्लाहला ठाऊक. पण ती शेवटची फेरी मी तुझ्यासाठी थांबवून ठेवली आहे.

खडे नाहीत, हुमेरा. गाठ आहे. कळून दीड महिना झाला. पोट उघडल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. तुझी परीक्षा संपेपर्यंत तुला कळू द्यायचं नाही, असं तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं. ते आज मोडतोय, अल्लाह माफ करो. तुझा पेपर बुडेल, माहीत आहे. तरी बुधवारपर्यंत ये. तुला दारात पाहून ती माझ्याशी महिनाभर अबोला धरेल. धरू दे. तो महिना मला हवा आहे.

तुझाच,
अब्बा