सोपट बांधलेले इंजिन

वटार, रविवार, फेब्रुवारी १९७९

पावडरच्या डब्याचे सिलिंडर, सायकलच्या स्पोकचा क्रँक, फुग्याच्या रबराचा पडदा, जुन्या तबकडीचे चाक. सगळे माझ्या हातचे. स्पोकला बाक द्यायलाही पक्कड दुसऱ्याच्या हाती दिली नाही. गरम हवेच्या इंजिनाला खाली ऊब आणि वर गारवा हवा. पण वरची बाजूही तापायची आणि चाक थांबायचे. ओले फडके बांधले, तेही लगेच सुकायचे. काल हिने पाहिले.

"विड्याची पानं बाजारात नेताना केळीच्या ओल्या सोपटात बांधता ना? मग याला का नको?"

जन्म पानवेलीत गेला, मला कसे सुचले नाही? आज केळीच्या खांबाची ती पाणी धरून ठेवणारी साल, सोपट, वरच्या बाजूला गुंडाळले. चिमणीतले रॉकेल संपेपर्यंत चाक फिरत राहिले.

"रेशनचं होतं ते," ही म्हणाली. हसतच.

संध्याकाळी हिचा भाऊ आला. त्याचे वसईत रेडिओचे दुकान आहे.

"भावोजी, दुकानाच्या काचेत ठेवतो. फक्त ते सोपट काढून पितळी पत्रा लावा, गावठी दिसतं."

पत्र्याची वाटी करून वर पाणी भरले असते, तर चाललेही असते. पण सोपट हिचे, आणि ही दारातच उभी होती.

तीनशे रुपये रोख देत होता. नको म्हणालो.