झाकलेले ताट

नमो बुद्धाय.

मी, अंबादास खंडू खरात, वय एकाहत्तर, कंपनीतून निवृत्त झालेला फिटर, राहणार विक्रोळी पूर्व, मुंबई, माझ्या मागे काय व्हावे ते या कागदावर लिहून ठेवत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही आणि कोणाला भिऊन तर नाहीच. डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. सामंतांचा दाखला सोबत जोडला आहे. बिघडली आहे ती अन्ननलिका. तिथे कर्करोग आहे, आता पेजसुद्धा उतरत नाही आणि आवाजही गेला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि यानंतर दुसरे करण्याइतका वेळ मिळेल असे वाटत नाही.

१. माझ्या मागे पत्नी नलिनी आणि मुलुंडला दिलेली मुलगी मनाली. मुलगा चैतन्य पाच वर्षांपूर्वी कामावरून बाइकवर घरी येताना हायवेवर टँकरखाली गेला. हे वाक्य या घरात मी आज पहिल्यांदा सरळ लिहितो आहे, कारण नलिनीला आता वाचता येत नाही.

२. तो गेला तेव्हा नलिनी शुद्धीत होती. पांढरी साडी नेसून पुण्यानुमोदनाच्या विधीला बसली होती. पुढे तिची आठवण झिजू लागली आणि सगळ्यात आधी नेमका तोच दिवस गेला. संध्याकाळ झाली की विचारायची, चैतन्य अजून कसा आला नाही. सुरुवातीला मी खरे सांगत होतो. दर वेळी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळायची, रात्रीत विसरायची आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा विचारायची. शेवटी एकदा मी म्हणालो, सेकंड शिफ्टला गेलाय. ती ‘बरं’ म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

तेव्हापासून मी रोज खोटे बोलतो. विहारातल्या रविवारच्या वर्गात मुलांकडून ‘मुसावादा वेरमणी’, म्हणजे खोटे बोलण्यापासून दूर राहीन, हे शील वदवून घेणारा मी. मला पश्चात्ताप नाही, आणि माझ्या वतीने इतर कोणी तो करू नये.

स्वयंपाक आता शेजारच्या सुगंधाबाई करतात, पण चैतन्यचे ताट नलिनीच वाढते आणि झाकून ठेवते. ती झोपली की ते ताट मी जेवायचो. सकाळी रिकामे ताट बघून ती विचारते, ‘जेवून गेला का?’ मी म्हणायचो, ‘गेला.’ आता नुसती मान हलवतो. मग तिचा दिवस सुरू होतो. मला गिळवेनासे झाल्यापासून ते ताट सुगंधाबाई संपवतात. त्यांना मधुमेह आहे, तरी भात टाकत नाहीत.

३. विक्रोळीची माझ्या नावावरची खोली नलिनीने हयातभर वापरावी. तिच्यासोबत सुगंधाबाईंनी राहावे. त्या विधवा आहेत, भाड्याने राहतात, त्यांना या खोलीतून नलिनीच्या हयातीत कोणी उठवू नये. नंतर खोली मनालीची. बँकेत जे असेल ते नलिनीच्या औषधांना आणि सुगंधाबाईंच्या पगाराला. उरलेच तर तेही मनालीचे.

मनालीला आईला मुलुंडला न्यायचे आहे. पोरीची माया आहे, मला कळते. पण तिच्या हॉलमध्ये चैतन्यचा हार घातलेला फोटो आहे. तो उतरव म्हटले तर म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही दादाला घरातून पुसून टाकलंत. आता माझ्या घरातून पण पुसू?’ तेव्हा बोलता येत होते, तरीही बोललो नाही.

आईला खरे सांगणार नाही या अटीवरच खोली द्यावी, असे माझ्या मनात होते. वकील म्हणाले, अशी अट कोर्टात टिकायची नाही. बरोबर आहे. म्हणून ही अट नाही, बापाची विनंती आहे.

४. टीव्ही आणि त्याला लावलेला पेन ड्राइव्ह नलिनीपाशीच राहावा. त्यात चैतन्यने तिच्यासाठी भरून दिलेली जुनी मालिका आहे. मालिकेतला नायक पुरात वाहून जातो, सगळे रडतात, आणि पुढे दुसराच नट त्याच नावाने दारात उभा राहतो. घरातले लगेच गळ्यात पडतात. हा प्रकार मी वर्गात वापरला. मुलांना विचारायचो, चेहरा बदलला, आवाज बदलला, मग ‘तोच’ म्हणता तो कोण? अनात्म, म्हणजे कायमचा असा ‘मी’ कुठेच नसतो, हे शिकवायला मला दुसरे काही लागले नाही. आउट दिल्यावरही क्रीजवर मान हलवत उभा राहणारा बॅट्समन म्हणजे दुःख. गाण्याच्या स्पर्धेतून बाहेर पडताना ‘मी परत येईन’ म्हणणारा म्हणजे तृष्णा. पोरे हसायची आणि लक्षातही ठेवायची.

नलिनी त्या वर्गात सगळ्यात मागे बसायची. मालिकेतून तिने मात्र भलतेच उचलले. गेलेला माणूस परत येतो, एवढेच.

विहारात काही जण म्हणतात, नलिनीताई सुटल्या, त्यांना आसक्तीच उरली नाही. त्यांनी एक संध्याकाळ आमच्या दाराशी येऊन बसावे. तिची आठवण गेली. वाट बघणे गेले नाही. मला याचा राग येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

५. धाकटा भाऊ दशरथ बौद्धाचार्य आहे, विहारातले विधी करतो. त्याला मी काही देत नाही. ‘धम्माचा तमाशा चालवलाय’ म्हणून माझा वर्ग त्यानेच बंद पाडला, ते मी गिळले. पण चैतन्यच्या स्मृतिदिनी त्याने नलिनीला समोर बसवून सगळे सांगितले. मेलेले मूल कडेवर घेऊन मोहरी मागत फिरलेल्या आईची गोष्टही सांगितली, की असे एकही घर नाही जिथे कोणी मेले नाही. अरे, ती बाई एकदाच फिरली. नलिनीला तू रोज फिरवणार?

तरीही साक्षीदार म्हणून मी त्यालाच बोलावले, कारण तो खोटी सही करणार नाही. कच्चा मसुदा वाचून झाल्यावर त्याने चष्मा पुसला. मग म्हणाला, ‘अण्णा, वहिनीनं मला विचारलं तर?’ मी पाटीवर लिहिले, गप्प राहा. गप्प राहिल्याने शील मोडत नाही.

६. हत्यारांची पेटी किरणला. वर्गातला माझा जुना विद्यार्थी, आता दहिसरला त्याचे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. पेटीतला मोठा पाना चैतन्यच्या हातचा आहे, तो विकू नये.

७. मला शेवटचे घरी आणू नका. दवाखान्यातून सरळ स्मशानात न्या. पुण्यानुमोदन विहारात करा. नलिनीला पांढरी साडी नेसवू नका, तिच्या बांगड्यांना हात लावू नका. मी कुठे आहे विचारले तर सांगा, वर्ग घ्यायला गेलेत. रविवार असो वा नसो, तिला चालते. आमच्या भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांशिवाय तसबीर नको. नलिनी गेली की आम्हा तिघांचे फोटो एकत्र लावा.

८. मनाली, भिंतीवर तुझा दादा नाही, हे खरे. पण तो रोज या घरात जेवला, आणि त्याचा एकेक घास मी चावला आहे. घशाशी हुंदका असताना भाकरी उतरत नाही, हे मला कर्करोगाच्या आधीपासून माहीत आहे. तू माझ्यावर रागाव, पण अधूनमधून मुक्कामाला ये. मी गेल्यावर तुझी आई दोन ताटे झाकून ठेवील. दोन्ही सुगंधाबाईंना जाणार नाहीत. माझे त्यांना दे, दादाचे तू जेव. सकाळी आई विचारील, दोघे जेवून गेले का. तुला खोटे बोलवणार नाही. नको बोलूस. ताटे तेवढी रिकामी असू देत. ताट रिकामे दिसले की ती फारसे विचारत नाही.

वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला, पुन्हा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष खाली सही केली.

ठिकाण: विक्रोळी, मुंबई
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४

(सही) अंबादास खंडू खरात

साक्षीदार:
१. (सही) डॉ. देवदत्त सामंत, घाटकोपर
२. (सही) दशरथ खंडू खरात, विक्रोळी