जनकाबाईचं पाणी

प्रिय प्रेमानंद,

फोनवर हे बोलायची माझी छाती नाही, म्हणून कागद घेतलाय. शिव्या द्यायच्या तर दे, पण पूर्ण वाचून मग दे. दिवाळीत तू सहज बोलता बोलता म्हणालास की तुझी आई अजून नाल्यावरच्या त्या पुलावरून जात नाही. एसटीतून पुलाच्या अलीकडेच उतरते, नाल्यातल्या गोट्यांवरून चालत पलीकडे जाते, आणि कुणी विचारलंच तर म्हणते, माह्या हातून बिघडलेला पूल हाय बाप्पा, त्याच्यावर पाय काऊन ठेवू? तू हसत होतास. मीही हसलो. निर्लज्जपणाची हद्द बघ, मीही हसलो! फोन ठेवला आणि जेवण गेलं नाही. रेवतीनं विचारलं काय झालं, तर बायकोलाही पित्ताचं नाव सांगितलं.

तुला माहीतच आहे, तो पूल बांधणारी कंपनी सोडून मी आता बुलढाण्यात बांधकामाच्या मालाची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये असतो. दिवाळीनंतर मी तिथं एक उद्योग केला. त्या पुलाच्या स्लॅबचं काँक्रीट होतं तस्संच पुन्हा बनवलं, किलोला किलो, आणि एका जाड लोखंडी कड्याभोवती ओतलं. काँक्रीट आकसलं की कडं त्याला आकसू देत नाही, मग ते तडकतं. साधी परीक्षा आहे. त्यावर ओला बारदाना टाकला आणि पाणी घालायचं काम कुणाला दिलं नाही. आमचा तुळशीराम म्हणे, सायेब, मी टाकतो न पानी, तुमी काऊन तरास घेता? मी त्याच्या अंगावर खेकसलो. सकाळ-दुपार-संध्याकाळ मीच घातलं. बारदाना एकदाही सुकू दिला नाही.

आईचं काम आठवतं तुला? मला तर आता तेवढंच आठवतं. गावची टाकी, शाळेच्या खोल्या, सगळ्यांच्या कोवळ्या काँक्रीटला तिनंच पाणी मारलेलं. पुलावर आली तेव्हा वैशाख होता, लोखंडाला हात लावला तर फोड यायचा. ती मातीच्या पाळी घालून स्लॅबवर पाणी साठवायची आणि भाकर खायलाही सावलीत जायची नाही, तिथंच बसायची. बारावीच्या सुट्टीत तुमच्या घरी महिनाभर तिच्या हातची कळण्याची भाकर खाल्ली, तेव्हा मी तिला आई म्हणायचो. पुलावर मी इंजिनिअर होतो, चार लोकांत मी तिला जनकाबाई म्हटलं. तिनं लगेच ओळखलं आणि मला सायेब म्हणायला लागली. माझा मान राखला तिनं, आणि मी तो राखू दिला.

स्लॅब ओतल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती मला बाजूला घेऊन म्हणाली होती, सायेब, हे काँक्रेट पानी पिऊनच नाही राह्यलं. टाकीचं कसं घटाघटा पेत होतं, याच्यावर तं पानी नुसतं उभं हाय. मी म्हटलं, बाई, तुम्ही पाणी घाला, बाकीचं आम्ही बघतो. चौथ्या दिवशी तडे गेले.

ती बरोबर बोलली होती रे. वरच्या साहेबांवर छाप पाडायला मी, त्यांनी मागितलं होतं त्याहून जास्त ताकदीचं काँक्रीट बनवलं होतं. सिमेंट भरपूर, पाणी अगदी कमी. असलं काँक्रीट घट्ट होताना आतलंच पाणी शोषून घेतं आणि आकसतं, आणि अंग इतकं दाट की वरून घातलेलं पाणी आत शिरतच नाही. त्याला पाणी आतूनच द्यावं लागतं. म्हणून मी दुसरं कडं ओतलं, त्यात थोडी वाळू काढून वीटभट्टीवरचा बारीक चुरा घातला, दोन दिवस भिजवून. विटेत मुरलेलं पाणी हळूहळू आतल्या आत मिळत राहतं. ते कडं आज चाळीस दिवस झाले, धड आहे. पहिलं पाचव्या दिवशी तडकलं. तुळशीरामनं तड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, मंग याच्यात पानी टाकनाऱ्याची काय चूक? त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

आता तुला ठाऊक नाही ते. तू समजतोस की मी आईची बाजू मांडली आणि वरच्यांनी ऐकलं नाही. तू जळगाव जामोदहून मुद्दाम फोन करून माझे आभार मानले होतेस. पण तो कागद मीच लिहिला होता, प्रेमानंद. पाणी मारण्यात माझ्याकडून हयगय झाली, मला मान्य आहे, असा. खाली तिची सही हवी होती. बारावीच्या त्याच सुट्टीत आपण दोघांनी पाटीवर गिरवून घेतलेली सही. काय लिहिलंय हे तिनं विचारलं नाही, नीळकंठनं आणलाय एवढं तिला पुरलं. पदराला हात पुसले, नावातले दोन्ही काने नीट दिले, आणि हळूच विचारलं, बरोबर आली न बाबू? मी हो म्हटलं. त्या कागदावरून सगळा ठपका तिच्यावर आला, आणि त्या दिवसानंतर तिला कुणी पाण्याच्या कामावर घेतलं नाही. काल मी कंपनीला आणि बांधकाम खात्याला लेखी कळवलं, की मिश्रण माझं होतं, पाणी कुठं कमी पडलं नव्हतं आणि ती कबुली मी फसवून घेतली. त्याची नक्कल सोबत आहे. ती आईपर्यंत पोचावी म्हणूनच हे पत्र लिहिलं. रविवारी गावी रोहिणखेडला जाशील तेव्हा ती नक्कल तिला शब्दन् शब्द वाचून दाखव, एका कागदावर तिनं न ऐकता सही केलीय. पूल पक्का आहे, तडे तेव्हाच भरले, रोज मक्याचे ट्रॅक्टर जातात त्याच्यावरून. मी त्या दिवशी सकाळी पुलापाशी येतो. तिला माझं तोंड बघायचं नसेल तर मी खाली नाल्यातून जाईन. पण तिला म्हण, आई, तू वरून चाल.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर तुझाच,
नीळकंठ