पत्र दुकानावर पाठवते

रिद्धपूर,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. देवीदास,

ताईचा आशीर्वाद. इकडं सगळं बरं. तूर निघाली, शेंगा पोचटच होत्या. गुडघे काही ऐकत नाहीत, तरी रोज दोन गावं पायी होतात. घरचा फोन रागिणी उचलते म्हणून हे दुकानावर पाठवते. एकटाच वाच.

माझं काम तुले माहीतच आहे. एचआयव्हीवाल्यांच्या घरी जायचं, गोळ्या घेतल्या का पाहायचं, ज्यानं सोडल्या त्याले हाताले धरून अमरावतीच्या केंद्रावर न्यायचं. बारा वर्षांत कोणाचं नाव तोंडातून काढलं नाही. लय थकली रे आता.

मागच्या गुरुवारी पार्वताबाईले घेऊन गेली होती. बाकावर तू बसला होता, तोंडाले रुमाल, हातात गोळ्यांचं कार्ड. मी पदर ओढून पार्वताबाईच्या आड झाली. आधी तुझा राग आला, मग रडू आलं. अकोल्याचा माणूस अमरावतीले काहून येते, हे मले कोणी सांगायले नको. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून इकडचे तिकडं जातात अन् तिकडचे इकडं.

मीही जाते, तिकडं अकोल्याच्या केंद्रावर. दर तीन महिन्यांनी जठारपेठेत तुझ्याकडं जेवून जाते, ते दातांच्या डॉक्टरसाठी नाही. माझ्या गोळ्या तेरा वर्षांपासून चालू आहेत. तुझ्या भाऊजीले कावीळ नव्हती. त्यायले माहीत होतं अन् मले सांगतलं नाही. ते गेल्यावर मले नर्सच्या तोंडावरून कळलं. आजार मी पचवला. पण रोज माझ्या हातचं खाऊन ते गप्प राहिले, ते अजून पचत नाही.

परवा रागिणी फोनवर हसत होती. तू माल आणायले अमरावतीले गेला होता म्हणे. तिले दुसरा महिना आहे, पुढच्या आठवड्यात दवाखान्यात नाव नोंदवायले जाईल. तिथं रक्त तपासतातच. तिले तिथं कळू देऊ नको, त्याआधी तूच सांग. तिले लागण झाली असली, तरी वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर लेकरू बहुतेक नीट निघते, मी अशी सात पाहिली आहेत.

मी तिले सांगणार नाही. ते माझ्या कामात बसत नाही, भावासाठीही नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. आधी तिच्यापुढं माझं मी सांगीन. मग तू बोल. ती रडेल, तुले नाही नाही ते बोलेल, कदाचित माहेरी जाईल. ते तुले ऐकून घ्या लागेल. मी तिच्या बाजूनं बसीन, तुझ्या नाही.

तरीही तुझीच,
कौशल्याताई